उंबऱ्यांचे मोजमाप

मराठी मुलखात गावाचा आकार पूर्वी माणसांत सांगत नसत; उंबऱ्यांत सांगत. पन्नास उंबऱ्यांची वाडी, दोनशे उंबऱ्यांचे गाव. डोकी मोजण्याचे काम सरकारचे. गाव स्वतःची गणती करी ती दारांच्या तळाशी बसवलेल्या आडव्या लाकडांनी, आणि त्या गणतीत आत माणसे किती हा प्रश्न दुय्यम असे. एका उंबऱ्याआड चौघे असोत की चाळीस असोत, देवळाची वर्गणी आणि गावकीचा मानपान उंबऱ्यागणिक ठरे. वेगळे होणे म्हणजे वेगळा उंबरा घालणे. भाऊबंदकीचा शेवट नव्या चौकटीत होई.

उंबरठा ही घरातील सर्वांत जास्त झिजणारी आणि सर्वांत जास्त जपली जाणारी वस्तू. त्यावर बसू नये, उभे राहू नये, शिंकू नये, एका अंगाने दुसऱ्या अंगाला काही देऊ-घेऊ नये. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारण्यासाठी हीच जागा निवडली, कारण ती घरात नाही आणि बाहेरही नाही. अशा अधांतरी जागेला काहीतरी लावून, काहीतरी बांधून पक्के करावे, अशी निकड माणसाला वाटावी यात नवल नाही. हळदीकुंकवाची बोटे, रांगोळीच्या दोन रेघा, चौकटीला आंब्याचा टाळा, वर कोरलेली गणेशपट्टी, कडेला ठोकलेली घोड्याची नाल. यांतल्या कशालाही घरची माणसे सजावट म्हणत नसत. ते करायचे असे, म्हणून केले जाई. आणि तरीही ते सुंदर दिसावे याची काळजी घेतली जाई. नाल कशीही ठोकून चालत असे, पण रांगोळीची रेघ वाकडी आली तर ती पुसून पुन्हा काढली जाई.

या जागेला शहरात अलीकडे नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. मुंबई-पुण्याच्या, नागपूर-नाशिकच्या इमारतींत सदनिकेचे दार उघडताच जो चार-पाच फुटांचा बोळवजा तुकडा लागतो, तो शेतावरच्या घरासारखा सजवून घेण्याची हौस वाढली आहे. भिंतीला मातकट रंगाचा गिलावा, तळाशी गेरूचा पट्टा. कोपऱ्यात पितळी घंगाळ, त्यात पाणी आणि पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. बैलाच्या गळ्यातील घुंगुरमाळ दाराला, जुन्या खुंट्यांवर मोटारीच्या किल्ल्या, गाडीच्या चाकावर काच बसवून केलेले मेज, आणि छत्र्या ठेवण्यासाठी पायली. हे मांडणारे सगळेच दिखाऊ असतात असे मुळीच नाही. पुष्कळांच्या मागे खरोखरच एखादे घर असते: वाटण्यांत गेलेले, किंवा दोन पावसाळे शाकारणी न झाल्याने खचलेले. घर वाचवता आले नाही, तर त्याचे दार तरी वाचवावे, ही धडपड हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

या शैलीला ‘फार्महाऊस’ असे नाव आहे, आणि ते नाव बारकाईने पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याने आपल्या घराला कधी फार्महाऊस म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्याचे ते घर. शिवारात असले तर मळ्यातली वस्ती, अगदीच लहान असले तर खोपट. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. त्यामुळे ज्याला हा शब्द वापरण्याची हौस, त्याला आधी सातबाऱ्यावर शेतकरी व्हावे लागते, आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला त्या शब्दाची गरज पडत नाही. सजावटीच्या मासिकांतून आलेली मूळ शैली तर अमेरिकेतली. टेक्सासमधील वाको या गावची घरे दुरुस्त करून दाखवणारा ‘फिक्सर अप्पर’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आणि पांढऱ्या फळ्या, जस्ताच्या बादल्या, दाराजवळचे लाकडी बाक यांची लाट त्यानंतर फोफावली. पण त्या बाकालाही मूळचे काम होते: शेतावरून आलेल्या माणसाने त्यावर बसून चिखलाचे बूट काढायचे. तिकडे दाराजवळच्या अशा खोलीला चक्क ‘मडरूम’, म्हणजे चिखलाची खोली, म्हणतात. नाव प्रामाणिक आहे.

कारण शेतकऱ्याच्या घराचा दर्शनी भाग सर्वत्र चिखलानेच घडवला. मराठीत गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी म्हणतात. पांढरीत राहायचे, काळीत राबायचे. काळी पायाला चिकटून पांढरीत येते ती दाराशी, आणि दाराशीच तिला थांबवायचे असते. कोकणात लाल मातीचा चिखल, पण व्यवस्था तीच. पाखाडीच्या पायऱ्या चढून बेडे ओलांडले की अंगण, अंगणात तुळस. जांभ्याच्या जोत्याशी पाण्याची डोण किंवा घंगाळ आणि त्यात तांब्या. पाय धुतल्याशिवाय पहिली पायरी चढायची नाही. आता ज्या घंगाळात पाकळ्या तरंगतात, त्यात कधीकाळी गुडघाभर मातीने माखलेल्या पायांसाठी पाणी असे, आणि ते दिवसातून कितीदा भरावे लागे ते भरणारीलाच ठाऊक. डोण खोल आणि जड असे, कारण ती गुरांचे तोंड लागूनही उलटू नये. तिच्या कडा गोल झिजलेल्या दिसतात त्या गुरांच्या मानांनी. कारागिराने तशा घडवलेल्या नसतात.

पायरी चढली की पडवी, पडवीनंतर ओटी, ओटीनंतर माजघर. पडवी उतरत्या छपराची, कारण कोकणचा पाऊस आडवा मारतो आणि मातीची भिंत त्याच्यापासून दूर ठेवावी लागते. तिथे भिंतीला जू टांगलेले, आढ्याशी नांगराचा फाळ खोचलेला, कोपऱ्यात पानांनी शिवलेली इरली, खुंटीला आकडी आणि कोयती. ही मांडणी पाहताना आज डोळा सुखावतो. पण तिच्यातला प्रत्येक निर्णय हाताने घेतलेला होता, डोळ्याने नव्हे. जे ओले असेल ते बाहेर, जे धारदार असेल ते मुलांच्या हाताबाहेर, जे पहाटे अंधारात लागेल ते सवयीच्या खुंटीवर. वापरून वापरून जी रचना सिद्ध होते तिला एक नेटकेपणा येतो. तो विकत आणलेल्या वस्तूंच्या मांडणीत साधणे अवघड, कारण तिथे कोयती काही कापत नाही आणि त्यामुळे ती कुठे टांगावी याला कारणच उरत नाही.

देशावर दाराचा स्वभाव वेगळा. कोकणची ओटी उघडी. देशावरच्या वाड्याचे तोंड मिटलेले. रस्त्याकडे उंच आंधळी भिंत, तिच्यात एकच मोठा दरवाजा, आणि त्या दरवाजाच्या पोटात माणसापुरती दिंडी. दिंडी बुटकी, उंबरठा उंच. आत येणाऱ्याला पाय उचलावा लागतो आणि त्याच वेळी मान लववावी लागते. त्याला नंतर विनयाचा अर्थ दिला गेला. मूळ हेतू असा की लववलेल्या मानेने कोणी तलवार चालवू शकत नाही. आतल्या बाजूला भिंतीतल्या भोकात सरकणारा अडसर. दाराच्या आत देवडी, मराठवाड्या-विदर्भाकडे ढेलज. उत्तरेची ड्योढी ती हीच. गुजरातचा ओटलो आणि मराठी ओटा हेही एकाच कुळीतले. तमिळ घरासमोरची तिण्णै, केरळच्या घराचे पूमुखम, गोव्यातील ख्रिस्ती घरांचा दोन्ही बाजूंना बसण्याचे सोपे असलेला बल्काव: प्रत्येक मुलखाने घर आणि वाट यांच्या मध्ये एक बसण्याची जागा ठेवली आहे. ती घराच्या मालकीची, पण तिच्यावर वाटेचाही थोडा हक्क. तिण्णैवर वाटसरूने रात्र काढावी, बल्कावात बसल्या बसल्या रस्त्याने जाणाऱ्याशी बोलावे. कोठेही ‘सुस्वागतम्’ लिहिलेले नसे. ‘या, बसा’ हे बोलायचे शब्द होते, आणि पाठोपाठ गूळपाणी आले की त्यांचा खरेपणा सिद्ध होई. पाटी लावल्यावर बोलण्याची जबाबदारी पाटीवर जाते.

दारे शहरात आली त्याची कारणे एका ठिकाणी सापडत नाहीत. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील किती तरी वाडे बसले. पुढे भाडेकरू आणि मालक यांच्या भांडणांनी, वारसांच्या संख्येने आणि जमिनीच्या किमतीने जे पुरातून वाचले होते तेही उतरवले गेले. वाडा पाडला जातो असे बाहेरचे लोक म्हणतात. त्या धंद्यातले लोक वाडा ‘उतरवतात’. तुळया, खांब, चौकटी, कडी-कोयंडे वेगळे होतात आणि जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात खिळ्यांसकट दारे भिंतीला टेकवून ठेवलेली दिसत. तमिळनाडूत कराईकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावर चेट्टियारांच्या हवेल्यांतील ब्रह्मदेशी सागाचे खांब आणि चौकटी अशाच विकायला असतात. ती घरे सावकार-व्यापाऱ्यांची, शेतकऱ्यांची नव्हेत. परंतु शहरी दिवाणखान्याला हा भेद ठाऊक नसतो. सिमेंट नसलेले ते सारे त्याच्या लेखी खेड्यातले.

विकत घेतलेले दार बसवताना एक अडचण हटकून येते. ते बुटके निघते. सदनिकेच्या चौकटीत ते बसत नाही, आणि बसवले तर घरातल्या उंच मुलाचे कपाळ आपटते. म्हणून बहुधा त्याला दार राहू दिले जात नाही. ते आडवे होऊन मेज बनते, उभे राहून आरशाची चौकट बनते, किंवा भिंतीवर नुसतेच टांगले जाते, जिथून कोणी आत येत नाही आणि बाहेर जात नाही. दिनकर केळकरांनी पुण्यात जमवलेल्या राजा केळकर संग्रहालयातही कोरीव दारे अशी भिंतीला लागूनच उभी आहेत. पण तिथे निदान दार हे दार म्हणून आणि अडकित्ता हा अडकित्ता म्हणून मांडलेला आहे. वस्तूचे काम गेले तरी तिचे नाव कायम आहे.

या सगळ्या हौसेत एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ज्या घराची नक्कल होते ते शेतकऱ्याचे सर्वसाधारण घर नव्हतेच. सागाची चौकट, गणेशपट्टी, झोपाळ्याची ओटी ही खोताची, देशमुखाची, पाटलाची, सावकाराची. राबणाऱ्या कुळाचे घर कारवीच्या कुडाचे, गवताने शाकारलेले, आणि त्याचे दार म्हणजे नुसता झापा. कडी नाही, कोयंडा नाही, कारण आत चोरण्याजोगे काही नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कंगाल शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन केले आहे, ते वाचून कोणी आपला दर्शनी भाग सजवायला घेणार नाही. झापा कुठल्याही बाजारात विकायला येत नाही. तो चार-दोन वर्षांत कुजतो. टिकते ते सागवान, आणि जे टिकते त्यालाच जुने म्हणण्याची सोय असते. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना जो जुना काळ दिसतो तो मुळातच खातापिता दिसतो.

छत्र्यांची पायली याच जागी थोडी थांबवून पाहिली पाहिजे. पायली म्हणजे चार शेरांचे धान्य मोजण्याचे माप. तिच्या खाली शेर, अच्छेर, चिपटे, निळवे, कोळवे. तिच्या वर मण आणि खंडी. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली, पुढच्या काही वर्षांत या कुटुंबाची कायदेशीर सत्ता संपली, आणि मापे माळ्यावर गेली. तिथून ती पितळेच्या भावाने मोडीत गेली, किंवा घासूनपुसून सजावटीच्या दुकानात आली. तिचा आकार खरोखर देखणा आहे. तिला हाताळावेसे वाटते यात काही चूक नाही. पण हे माप खळ्यावर आणि ओटीवर काय करीत होते? बलुतेदाराचे बलुते त्याने मोजले जाई, मजुराची मजुरी मोजली जाई, आणि कोकणात खोताचा हिस्सा त्यानेच कुळाच्या राशीतून काढला जाई. घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे, ही कुळांची जुनी तक्रार होती. अलिबाग तालुक्यात चरी या गावी १९३३ मध्ये कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला, आणि हा संप सुमारे सहा वर्षे चालला. माणसांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये, स्वातंत्र्यानंतर झाला. इतके सारे या पितळी भांड्याच्या काठाला लागून आहे. आणि तेच भांडे तांदळांनी भरून उंबरठ्यावर ठेवतात आणि नवी सून ते पायाने लवंडून घरात येते, हेही तितकेच खरे. माप ओलांडणे हा शब्दप्रयोग लग्नाचा. पण ज्या घरात माप दररोज दुसऱ्याच्या राशीला लावले जाते, त्या घराने सुनेला तेच ओलांडायला लावावे, याचा विचार करावा तितका थोडा. ओडिशात तर मार्गशीर्षातल्या गुरुवारी ‘माण’ या मापात नवे धान भरून त्या मापाचीच लक्ष्मी म्हणून पूजा होते. धान्याची देवी धान्यात नाही, मोजण्यात आहे, असे त्या बायकांनी फार पूर्वीच ओळखले असावे.

ओटी म्हणजे स्वागताची जागा, हा समजही असाच अर्धा. ती निवड करण्याची जागा होती. कोण झोपाळ्यावर बसेल, कोण जाजमावर, कोण पडवीत घोंगडीवर, कोण पायरीशी उभा राहील आणि कोण अंगणाच्या कडेवरूनच हाक मारील, हे कोणी कोणाला सांगत नसे. प्रत्येकाला ते ठाऊक असे. अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई तेही याच सुंदर, सारवलेल्या, तुळशीच्या अंगणात. घरच्या बायकाही पुरुष बसलेले असताना ओटीवर येत नसत. त्यांचे जग माजघराच्या दाराआड. महिन्यातले तीन-चार दिवस मात्र त्यांना पडवीच्या टोकाला बसवले जाई, तेव्हा त्या घराच्या बाहेर असत आणि घरातही. जोत्याच्या प्रत्येक पायरीला अशी एकेक माणसांची पातळी चिकटलेली होती. तिण्णैचे आणि ड्योढीचेही याहून वेगळे नव्हते.

सदनिकेच्या बोळात ओटी मांडणाऱ्याने ही उतरंड सोबत आणली नाही, याबद्दल त्याला धन्यवादच दिले पाहिजेत. त्याच्या खुंटीवर कोणाचीही छत्री टांगली जाते. परंतु ती उतरंड नाहीशी झाली, असे समजणे घाईचे होईल. तिने फक्त जागा बदलली आहे. शहरांतल्या अनेक इमारतींत घरकाम करणाऱ्या बायकांची आणि सामान पोचवणाऱ्या मुलांची उद्वाहने वेगळी असतात. फाटकाशी वहीत नाव लिहावे लागते, बाहेर जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते. पुष्कळांना घराच्या दाराशीही येता येत नाही. वस्तू खालीच ठेवून जावे लागते. जुन्या घरात जी पाच पायऱ्यांत बसली होती, ती व्यवस्था आता फाटकापासून सातव्या मजल्यापर्यंत पसरली आहे, आणि तिच्या वरच्या टोकाला, दार उघडताच, घंगाळ आणि घुंगुरमाळ आहे. घंगाळात कोणाचे पाय धुवायचे नाहीत, कारण ज्याच्या पायाला चिखल आहे तो इथपर्यंत पोचतच नाही.

सजवणाऱ्या हाताविषयीही एवढेच मोकळेपणाने बोलले पाहिजे. अंगण सारवणे हे कष्टाचे काम. शेण आणायचे, माती चाळायची, कालवायचे, ओणवे होऊन हाताच्या तळव्याने अर्धवर्तुळे ओढीत मागे मागे सरकायचे. पावसाळ्यात सारवण वाहून जाई, उन्हाळ्यात भेगाळे. ते पुन्हा पुन्हा करावे लागे आणि ते बाईनेच करायचे असे. रांगोळी पहाटे घरातले उठण्यापूर्वी पडलेली असे, आणि दुपारपर्यंत पायांनी पुसली जाई. तमिळनाडूतली कोलम, ओडिशातली झोटी, दोन्ही तांदळाच्या पिठाच्या आणि दोन्ही अशाच पुसल्या जाण्यासाठी काढलेल्या. आता मातकट रंगाचा गिलावा एकदा दिला की दहा वर्षे तसाच राहतो, आणि रांगोळी चिकटवायच्या कागदावर छापून मिळते. यावर नाक मुरडण्याचा अधिकार ज्याने कधी अंगण सारवले नाही त्याला नाही. पहाटेची ती ओणवी पाठ सरळ झाली असेल, तर चिकट रांगोळी खुशाल राहू द्यावी. फक्त एवढे खरे की शेणाने सारवलेल्या अंगणावर तळव्यांच्या ज्या ओळी उमटत, त्यांवरून शेजारीण ओळखू शके की आज सासूने सारवले की सुनेने. गिलाव्यातून तसे काही कळत नाही.

वारली चित्रांचे तर स्थलांतरच झाले. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. ती भिंत घराच्या आतली. वाटेवरच्या माणसाला दाखवण्यासाठी ती नव्हतीच. जिव्या सोमा म्हशे यांनी हे चित्र लग्नापासून वेगळे काढून कागदावर आणि कापडावर आणले, त्यात शेत, मासेमारी, तारपा नाच, सारे गाव आणले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. एका मोठ्या चित्रकाराने केलेली ती मोठी वाटचाल होती, आणि त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. पण त्यांच्यामागून हजारो दारांवर, हॉटेलांच्या तोंडाशी, सदनिकांच्या बोळांत जी त्रिकोणी माणसे नाचू लागली, ती बहुतेक ठिकाणी मधल्या देवीवाचून गोल फिरत असतात. चौकातली रिकामी जागा भरायची राहून गेल्यासारखी वाटते. सौराष्ट्रातील शेतकरी बायकांनी भरलेल्या आरशांच्या तोरणांचेही तसेच. ती मुलीच्या रुखवतात देण्यासाठी वर्षानुवर्षे भरली जात. आता ती जुन्या कापडाच्या व्यापाऱ्याकडून येतात, आणि कोणाच्या लेकीच्या दाराला ती लागली होती हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या सर्वांत एकच वस्तू अशी आहे की जिला जुनी करून विकता येत नाही. कोकणात भात तयार होऊ लागले की दसऱ्याच्या सुमारास, काही गावांत कोजागरीला, ‘नवे’ बांधतात. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, कुर्डूचे फूल, झेंडू आणि आंब्याचे पान यांची जुडी करून ती मुख्य दाराला, तुळशीला, नांगराला, कधी विहिरीच्या रहाटालाही बांधायची. नव्या पिकाचा पहिला मान घरातल्या माणसांआधी दाराचा. केरळात भाताच्या कणसांची ‘कतिरकुला’ विणून उंबऱ्याशी टांगतात; ओडिशात लक्ष्मीच्या व्रतासाठी धानाची ‘मेंटा’ गुंफतात. शेकडो मैलांवरच्या या लोकांनी एकमेकांना विचारून हे केलेले नाही. भाताची कापणी जिथे जिथे होते, तिथे पहिली मूठ दाराकडे जाते, एवढेच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजाराबाहेर पालघर-ठाण्याकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या गाडीने येऊन बसतात. समोर झेंडू, आपट्याच्या फांद्या, आंब्याचे टाळे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लोंब्या. लोंबी हिरवट-पिवळी, अजून दुधाळ. ती त्याच वर्षीच्या शेतातली असते, दुसरी असूच शकत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करते, जुडी पिशवीत टाकते, आणि ती सातव्या मजल्यावरच्या दाराला दोऱ्याने बांधली जाते. बहुधा त्या टांगलेल्या, आत-बाहेर न करणाऱ्या जुन्या दाराला नव्हे, तर त्याच्या शेजारच्या रोज उघडणाऱ्या, लोखंडी जाळीच्या दाराला. आठ-पंधरा दिवसांत ती वाळते आणि दाणे गळू लागतात. गावाकडे ते चिमण्यांनी नेले असते. इथे ते पायपुसण्यावर पडतात, आणि घरकामाला येणारी बाई केर काढताना ते वेगळे करून जिन्याच्या खिडकीत ठेवते. उरलेल्या काड्यांचा झुपका तसाच लटकत राहतो, पुढच्या भातापर्यंत.